काचेतला आकडा

अकरा वर्षं बाबांनी ती मशीन बंद केली नव्हती. जुन्या व्हिडिओ गेमचं असंच असतं, वीज गेली की सगळे स्कोअर पुसले जातात. आणि यादीत सगळ्यात वर दादाचं नाव होतं, तीन अक्षरी, तो गेला त्याच्या आदल्या दिवशीचं. तेव्हापासून कोणी खेळू नये म्हणून मशीनपुढे खुर्ची आडवी, आणि वीज गेली तर म्हणून मागे इन्व्हर्टर. बाकीच्या मशीन विकल्या गेल्या, दुकान ओस पडलं, ही मात्र घरघरत राहिली. 

मॉनिटर दुरुस्त करणं हा माझा धंदा. चित्र पार विझत आलं तेव्हा बाबांनी मलाच बोलावलं.

"पिक्चर ट्यूब बदल. पण बंद करू नकोस."

"चालू ट्यूबला हात घातला तर माझ्याही नावाची एक मशीन ठेवावी लागेल तुम्हाला."

ते हसले नाहीत. मग मी समजावलं. एकच चित्र वर्षानुवर्षं उभं राहिलं की काच आतून करपते. दादाचा स्कोअर काचेत उतरलाय, तो आता कुठे जातोय? ही ट्यूब तुमच्या खोलीत ठेवू.

बाबांनी बराच वेळ बटणावर बोट ठेवलं, मग स्वतःच दाबलं.

दुकान एकदम गप्प झालं. दुपारचं ऊन काचेवर तिरपं पडलं होतं. नाव होतं, ठसठशीत. पुढे चौऱ्याऐंशी हजार, आणि शेवटी दोन वेगळे आकडे एकमेकांवर गिचमिड.

 सहा वर्षांपूर्वी बाबा दवाखान्यात असताना वीज गेली होती, इन्व्हर्टरही बसला होता. पंधरा दिवस खेळून मी स्कोअर तिथवर नेला आणि दादाचं नाव घातलं. शेवटचे आकडे जुळले नाहीत. बाबांची नजर अधू, खपून गेलं.

"त्यातला एक माझा आहे," मी म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं.

बाबा काचेवर बोट फिरवत राहिले. "दुसरा माझा. फ्यूज उडाला होता. तुला कळू दिलं नाही, मग तू शिकायला बाहेर गेलीस. मला खेळता कुठे येतं, चार महिने लागले."

"कधी उडाला?"

"तो गेल्यावर आठव्या दिवशी."

आठ दिवसांत काच करपत नाही. तरी मी ती फडक्याने पुसली, बॅटरी धरून तिसरा, दादाचा आकडा शोधला. नव्हता.

"नाव तरी त्याचंच आहे ना गं?"

"हो बाबा," मी म्हणाले. तेही आम्हीच घातलेलं होतं.