मख्खसाहेबांनी सोडलेलं शहर

विमान वाहतूक खात्यात त्यांना सगळे मख्खसाहेब म्हणत. ही चेष्टा त्यांच्या कानावर गेली तेव्हा त्यांना ती चक्क बढतीसारखी वाटली. दुसऱ्या देशांशी हवाई करार करायला जाणाऱ्या शिष्टमंडळाचे ते प्रमुख. आपल्या विमानांनी त्यांच्या कुठल्या शहरात उतरायचं, त्यांच्या विमानांनी आपल्याकडे किती फेऱ्या करायच्या, हे टेबलाच्या दोन बाजूंना बसून ठरवायचं, एवढंच ते काम. पण साहेबांनी त्याचं शास्त्र करून ठेवलं होतं. जे हवं त्याचं नाव म्हणून घ्यायचं नाही. समोरच्याने ते आपणहून पुढे केलं तरी नाक मुरडायचं. मग तो ते पुन्हा पुढे करतो, आणि वर आणखी काहीतरी घालतो. नव्या अधिकाऱ्यांना हे ते अशा थाटात शिकवत, की विमानाचा शोध यांनीच लावला असावा.

या खेपेला मात्र साहेबांना एक शहर खरोखर हवं होतं. समोरच्या देशातल्या एका बेटावरचं बंदराचं शहर. तिथे त्यांची एकुलती एक मुलगी राहत होती. पहिलटकरीण, डॉक्टरांनी पलंगावरून उठायलाही बंदी केलेली, आणि जावई जहाजावर, बाळ येईपर्यंत किनाऱ्याला लागायचं नाव नाही. आईने जावं, तर गेल्या वर्षी तिचं खुब्याचं हाड मोडलेलं. जायचं म्हणजे दोनदा विमान बदलायचं, रात्रभर बाकावर ताटकळायचं आणि शेवटी बोट. हाडांच्या डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. थेट विमान असेल तरच, म्हणाले. आणि ते सुरू करायला एक कंपनी गुडघ्याला बाशिंग बांधून बसली होती. करारात त्या शहराचं नाव आलं, की काही दिवसांत पहिलं उड्डाण.

“अहो, एवढं एक काम करून या,” साहेब निघताना बायको म्हणाली. “मला तिच्याजवळ असायचंय.”

साहेबांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे त्यांनी घरातही कळू दिलं नाही.

बैठक एका हॉटेलात होती. हिरवं कापड अंथरलेलं लांब टेबल, बटण दाबलं की लाल दिवा लागणारे माइक, बशीत मऊ पडलेली बिस्किटं. समोरच्या शिष्टमंडळाच्या प्रमुख एक बाई होत्या. त्यांनी आजवर विमानतळ चालवले होते, वाटाघाटी कधी केल्या नव्हत्या. त्यामुळे त्यांनी सरळ सांगून टाकलं, की त्यांच्या सरकारने आकाश खुलं करायचं ठरवलंय. कुठलंही शहर घ्या, हव्या तेवढ्या फेऱ्या करा, भाडं कंपन्यांनी ठरवावं. आणि सुरुवात बंदराच्या शहरापासून करू, कारण तिथे तुमची बरीच माणसं राहतात.

डोकं ठिकाणावर असलेला कुणीही माणूस इथे आभार मानून मोकळा झाला असता. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“त्या शहराबद्दल आमच्या बाजूने विशेष उत्साह नाही,” ते म्हणाले.

मग त्यांनी धावपट्टीची लांबी काढली, वाऱ्याची दिशा काढली, देशी कंपन्यांचं हित काढलं. शेजारी बसलेला उपसचिव गुरूकडे पाहावं तसा त्यांच्याकडे पाहत होता. बाई मन लावून ऐकत होत्या. माणूस जे बोलतो तेच त्याच्या मनात असतं, अशी त्यांची साधी समजूत होती.

जेवणानंतर बाईंनी माइकचं बटण दाबलं. “आम्हाला तुम्हाला अडचणीत टाकायचं नाही,” त्या म्हणाल्या. “ते शहर आम्ही मसुद्यातून काढलंय. बाकी सगळं खुलं.”

साहेब मनातल्या मनात हसले. आता ही बाई ते पुन्हा पुढे करणार. त्यांनी वाट पाहिली. चहा झाला, दुसरा दिवस उजाडला. साहेबांनी हळूच खडा टाकून पाहिला, की बंदरांचा व्यापार हल्ली वाढतोय म्हणे. बाई हो म्हणाल्या आणि पुढच्या कलमाकडे वळल्या. ‘बाई, ते शहर परत घाला’ एवढंच वाक्य हवं होतं. ते साहेबांच्या घशापर्यंत आलंही. पण शेजारी उपसचिव बसला होता. त्याच्यासमोर आपली गरज उघडी पडेल, या भीतीने या थोर गृहस्थाने ते वाक्य गिळलं. पोटच्या पोरीपेक्षा त्याला हाताखालच्या माणसाचं कौतुक मोठं वाटलं. सह्या झाल्या, फोटो निघाले, फेरविचार तीन वर्षांनी. काही न सोडता करार केला, असं साहेबांनी वार्ताहरांना सांगितलं.

घरी बायकोने पलंगावर बॅग उघडून ठेवली होती. जुन्या मऊ साड्यांची दुपटी तिने स्वतः शिवली होती. काय घडलं ते साहेबांनी तिला समजावून सांगितलं, आणि त्यातही आपली युक्ती मुळात कशी बरोबर होती, हेच जास्त.

“हवंय म्हणालात का?” तिने विचारलं.

“तसं म्हणायचं नसतं.”

“मलाही कधी म्हणाला नाहीत. मी आपली ओळखून घेत आले.” ती दुपटी बॅगेतून काढायला लागली. “त्या बाईंनी का ओळखावं?”

मग तिने मुलीला फोन लावला, येता येणार नाही म्हणून सांगितलं आणि फोन साहेबांकडे दिला.

“बाबा, मग तुम्ही याल?” मुलीचा आवाज रडवेला होता. “तुम्हाला दोनदा विमान बदलता येईल. मला इथे एकटीला भीती वाटते.”

साहेबांना भडभडून आलं. अंगावरच्या कपड्यांनिशी निघावं, असं त्यांना वाटलं.

“तिथे येऊन माझा काय उपयोग,” ते म्हणाले.

“हो, तेही खरंच,” मुलगी म्हणाली. “असू दे, बाबा.”

तिने फोन ठेवला. ती पुन्हा विचारील म्हणून साहेब तो कानाला लावून उभेच राहिले.