हितनं म्होरं जाड

"काका, शब्द सगळे आलेत. मधे थोडा कचरा होता, तो साफ केला," निरंजन म्हणाला.

पुतण्याच्या भूगावच्या फ्लॅटमध्ये धम्मपाल पडद्याला नाक लावून, जुन्या फ्लॉपीतून काढलेलं बायकोचं गाणं बघत होता. गौतमीला जाऊन वर्ष होत आलं होतं. रविवारी पौडच्या विहारात पुण्यानुमोदन, आणि वस्तीतल्या बायका तिचंच गाणं म्हणणार होत्या. कधीकाळी जयंतीसाठी रचलेलं. धम्मपालचं तेव्हा पौडला टायपिंगचं दुकान होतं. ती सांगत गेली, तो टाइप करत गेला.

"जाड ओळी कुटं गेल्या?"

"बोल्ड होय? दिसत नाही खरं."

"तुज्या कचऱ्यात गेल्या! अरं, जुन्या मशिनीत ओळीआधी खूण टाकायची. ती दिसत न्हाई, छापत न्हाई. ती खूण मशिनीला म्हणायची, माज्या मागनं येतंय ते अक्षर वाचू नगं, त्यो हुकूम हाय: हितनं म्होरं जाड. दुसरी खूण येईस्तोवर समदं जाड."

"नव्या मशिनला ती खूणच कळेना. मागची अक्षरं नुसतीच लोंबत होती. दोन्ही उडवली मी."

ज्याचा अर्थ लागत नाही त्याला कचरा म्हणायचं, हे या पोरांना पगार देऊन शिकवतात.

"फ्लॉपी दे."

"बुरशी होती तिला. एकदाच कशीबशी वाचली, मग टाकून दिली." निरंजन ओशाळला. "पण काका, एक शब्द गेला नाही. एवढं काय त्यात?"

"जाड ते झीलकरणींनी मिळून म्हणायचं. बारीक ते तुज्या काकूनं, एकटीनं."

"मग आठवून सांगा ना. करतो मी बोल्ड."

धम्मपाल उठून चपला शोधू लागला. जयंतीच्या त्या संध्याकाळी नवरा म्हणून पहिल्या रांगेत बसायचं सोडून हा माणूस दुकानात लोकांच्या लग्नपत्रिका छापत होता. गाणं मशिनीत आहे, मग डोक्यात कशाला ठेवायचं?

त्या वेळच्या झीलकरणींतली एकटी इंदूबाई उरली होती. तो तिच्या दारात गेला.

"लई वरसं झाली, भाऊ. गौतमीनं हात वर केला की आमी उचलायचो. कागद वाचता कुणाला येत हुता?"

"एकबी ओळ आठवत न्हाई? तिची एकटीची?"

"तिचा हात आठवतोय बघा."

रविवारी विहारात नव्या सुना कागद घेऊन उभ्या राहिल्या. कुणी कुठली ओळ म्हणायची यावरून कुजबुज झाली. शेवटी त्यांतली वैष्णवी म्हणाली, "समदं समद्याच म्हणू की! धम्मपालकाका, तेवढा माईक घ्या बाजूला. एकटीचं कुणाचंच न्हाई, मधी येतोय."

त्यानं माईक स्टँडसकट उचलला आणि भिंतीशी जाऊन उभा राहिला.

गाणं जोरात झालं. सगळ्या ओळी सगळ्यांच्या. बसलेली माणसं टाळ्यांचा ठेका देऊ लागली. धम्मपालचे दोन्ही हात स्टँडला होते.