कापसाचे बोळे

पहिली लाथ पोटात बसली तेव्हा मोठ्या सिस्टरच्या दातांत सुईचं टोपण होतं. दुसरी लाथ त्यांनी बसू दिली नाही. डाव्या हाताने त्या माणसाचा घोटा पकडून टेबलाच्या कडेवर दाबला, उजव्या हाताने मांडीत सुई खुपसली आणि टोपण थुंकून टाकलं. माणूस दारूच्या नशेत स्वतःच्याच घराच्या काचा फोडून आला होता. कपाळापासून हनुवटीपर्यंत फाटलेला, आणि तोंडात शिव्या अशा की ऐकणाऱ्याने घरी जाऊन आंघोळ करावी.

"घाल ना, आणखी एक घाल," मोठ्या सिस्टर त्याला म्हणाल्या. "पण आधी टाके होऊ देत. मग आपण दोघं निवांत भांडू."

कॅज्युअल्टीत बावीस वर्षं काढलेल्या बाईला यात काही नवं नव्हतं. त्यांचे हात काम करायचे आणि कान राखण करायचे. पळत येणारी पावलं माणसाला उचलून आणणाऱ्याची आहेत की माणसाच्या मागे लागलेल्याची, हे त्यांना दार उघडायच्या आत कळायचं. आताही धाकटी त्यांच्या पाठीमागे औषधांच्या कपाटापाशी उभी होती. धाकटी म्हणजे विभागातली सगळ्यात नवी सिस्टर, दोन वर्षांपूर्वी डिग्री घेऊन आलेली, नाजूक चणीची पण शीर अचूक शोधणारी. सलाईनच्या स्टँडचं एक चाक कायम कुरकुरायचं. ते कुरकुरत तिच्या दिशेने चाललं होतं, आणि मध्येच गप्प झालं. चाक गप्प झालं म्हणजे कुणीतरी स्टँड जमिनीवरून उचलला होता.

"खाली बस," मोठ्या सिस्टर मान न वळवता म्हणाल्या.

धाकटी मटकन बसली. जखमीबरोबर आलेल्या त्याच्या भावाने फिरवलेला स्टँड तिच्या डोक्यावरून जाऊन कपाटाच्या काचेत घुसला. मग वॉचमन आला, अँब्युलन्सचे दोन ड्रायव्हर आले, भावाला पालथा पाडून त्याच्या पाठीवर बसले. धाकटी अजून काचांच्या तुकड्यांतच बसलेली होती, आणि नेमका तेव्हाच मोठ्या सिस्टरच्या खिशातला मोबाईल वाजला. टाके संपल्यावर त्यांनी तो बघितला. कॉलेजचा मेसेज होता. कालची परीक्षा रद्द झाली होती. नजर चौदा वेळा पडद्याबाहेर गेली हे कारण. फेरपरीक्षेचं शुल्क दहा दिवसांत भरावं. मोठ्या सिस्टर रक्ताळलेल्या हातमोज्यांनी मोबाईल धरून हसायलाच लागल्या.

आता हे डिग्रीचं लचांड कसं मागे लागलं ते सांगायला हवं. मोठ्या सिस्टर जुन्या डिप्लोमावाल्या. अकरा वर्षं त्या इन्चार्जचं सगळं काम करत होत्या, फक्त पाटी आणि पगार तेवढा नव्हता. मग नवा नियम निघाला. वर्षअखेरपर्यंत डिग्री नसेल त्या सिस्टरला कॅज्युअल्टीत ठेवायचं नाही, खाली तळघरात कपड्यांच्या स्टोअरमध्ये पाठवायचं, चादरी मोजायला. मोठ्या सिस्टरना मार चालला असता, चादरी चालणार नव्हत्या. त्या दोन रात्री झोपल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी मोबाईलवरच्या एका जाहिरातीवरून नाव नोंदवून मोकळ्या झाल्या. नोकरी सांभाळून घरबसल्या डिग्री, एकच फी, पुढे काही नाही, असं जाहिरातीत ठसठशीत लिहिलं होतं.

पुढे काही नाही कसलं, पुढेच सगळं होतं. पुस्तकं पडद्यावर उघडायची वेगळी फी निघाली. मग प्रात्यक्षिकाचे शंभर तास निघाले. मोठ्या सिस्टरनी फोन करून सांगितलं की मी बावीस वर्षं दुसरं काय करतेय. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली की मॅडम, तो अनुभव आहे, तास नव्हेत. तास मान्यताप्राप्त मार्गदर्शकाच्या हाताखालीच भरायचे आणि त्याचे पैसे मोजायचे. मार्गदर्शक म्हणून जी बाई मिळाली तिला सुई धरायला एकेकाळी मोठ्या सिस्टरनीच शिकवलं होतं. ती बिचारी शंभर तास खाली मान घालून सह्या करत होती.

शेवटची परीक्षा कॅमेऱ्यासमोर. खोलीत दुसरं कुणी येता कामा नये, खुर्चीवरून उठायचं नाही, आणि नजर पडद्यावरून हलली की ती मोजायला आत एक यंत्र बसवलेलं. या देखरेखीची फी वेगळी. पहिल्यांदा त्या घरी बसल्या. घराखालीच नवऱ्याचं पंक्चरचं दुकान. जरा कुठे टायर धाडकन फुटला की बाईची मान गर्रकन वळायची. एकोणीस वेळा वळली. यंत्राने कॉपी ठरवली. दुसऱ्यांदा मोठ्या डॉक्टरांच्या परवानगीने त्या कॅज्युअल्टीतल्या प्लास्टरच्या खोलीत बसल्या, तर बाहेर अँब्युलन्सच्या खेपा सुरू; मेसेजमधल्या त्या चौदा वेळा इथल्याच. बावीस वर्षं ज्या मानेने माणसं वाचवली, ती मान आता चोर ठरली होती. बैठका तीनच मिळत. तिसरी हुकली तर पुन्हा पहिल्यापासून सगळी फी.

तिसऱ्या बैठकीचे पैसे नवऱ्याने आणले. कुठून आणले ते विचारायची गरजच पडली नाही, कारण दुसऱ्या दिवशी दुकानातून हवा भरायच्या कॉम्प्रेसरची घरघर ऐकू आली नाही. मोठ्या सिस्टर खाली गेल्या तर हा बाबा घामाघूम होऊन पायपंपावर ट्रकच्या टायरमध्ये हवा भरत होता.

"विकला होय?" त्या म्हणाल्या.

"त्याचा आवाज फार व्हायचा," तो म्हणाला. "तुझं लक्ष जायचं."

त्या वर आल्या आणि मोरीत नळ सोडून रडल्या. मग तोंड धुऊन अभ्यासाला बसल्या.

तिसरी परीक्षाही प्लास्टरच्या खोलीतच ठरली, कारण घराखाली टायर फुटायचे काही थांबले नव्हते; त्या दिवशी सकाळी धाकटीनेच एक युक्ती काढली. प्लास्टर बांधायच्या आधी हाडाभोवती गुंडाळतात तो कापूस तिने घेतला, दोन घट्ट बोळे वळले, आधी स्वतःच्या कानांत घालून बघितले आणि बाहेर जाऊन वॉचमनला ओरडायला लावलं. परत येऊन म्हणाली की शब्द कळत नाहीत, आवाज थोडा येतो. मग तिने ते बोळे मोठ्या सिस्टरच्या कानांत बसवले आणि वरून केस नीट ओढून दिले. मोठ्या सिस्टरनी एकदा तोंड उघडलं, पण धाकटीने हातानेच गप्प केलं आणि त्यांच्या कानाशी येऊन मोठ्याने म्हणाली, "मी आहे बाहेर. तुम्ही फक्त समोर बघा."

ती गेल्यावर मोठ्या सिस्टरनी आतून कडी घातली. सगळ्या कॅज्युअल्टीत आतून कडी असलेली खोली ती एकच होती. पडद्याच्या वर कॅमेऱ्याचा हिरवा ठिपका लागला आणि साठांतला पहिला प्रश्न आला.

इतकी शांतता त्यांनी कामाच्या जागी कधी अनुभवली नव्हती. मान आपोआप जागेवर राहिली. प्रश्न सोपेच होते, पंधरा वर्षांच्या पोरीलाही जमतील असे. चोपन्न प्रश्न कधी संपले ते कळलंही नाही. पंचावन्नावा होता, हात धुताना किमान किती सेकंद चोळावेत. तो वाचत असताना टेबल हललं.

पेन घरंगळून खाली पडलं. वरच्या फळीवरून प्लास्टरची पांढरी भुकटी कीबोर्डवर सांडली. डोळ्याच्या कोपऱ्यात दाराची मूठ खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. कापसातून एक आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण आवाज कुणाचा आहे हे कळायला मोठ्या सिस्टरना शब्द कशाला हवेत? त्यांची मान वळायला लागली. त्यांनी ती जबडा आवळून धरली.

बाहेर वॉचमन आहे, त्या मनात म्हणाल्या. दोन डॉक्टर आहेत. तिसरी बैठक आहे. कॉम्प्रेसर गेला आहे. सहा प्रश्न, म्हणजे चार मिनिटं. धाकटी घाबरट आहे, कधीकधी उगाच ओरडते. हे शेवटचं खोटं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पंचावन्नाव्या प्रश्नाचं उत्तर दाबलं. खुर्चीखालची फरशी थरथरली. छप्पन्न. सत्तावन्न. दारावर काहीतरी जड आदळलं, एकदा, दोनदा, आणि मग मूठ हलायची थांबली. अठ्ठावन्न. एकोणसाठ. साठ. पडद्यावर फुलं उधळली गेली आणि खाली ओळ आली: अभिनंदन, आपण उत्तीर्ण झाला आहात. संशयास्पद हालचाली शून्य.

त्यांनी बोळे उपटले. बाहेर कुणीतरी हुंदके देत होतं, बाकी काही नाही. कडी काढली तरी दार उघडेना. खांदा लावून ढकललं तेव्हा दाराला टेकलेली धाकटी बाजूला कलंडली.

नंतर सगळं कळलं ते असं. भोसकलेला एक पोरगा रिक्षातून आला होता. त्याच्या मागोमाग, काम अर्धवट राहिलं म्हणून, भोसकणारे चौघे आले. वॉचमन कुंपणावरून पळाला. एका डॉक्टरचं डोकं भिंतीवर आपटलं, दुसरा टेबलाखाली शिरला. धाकटीने त्या पोराला काखेत धरून प्लास्टरच्या खोलीकडे ओढत नेलं, कारण आतून कडी तिथेच होती. दारापाशी त्यांनी पोराला आणखी सात वेळा भोसकलं. धाकटी मूठ सोडेना म्हणून एकाने सलाईनचा स्टँड उलटा धरला आणि त्याचा लोखंडी पाया तिच्या हातावर घातला. दोनदा. पोरगा उंबऱ्याशीच गेला. मूठ वाकली ती आजही तशीच आहे.

मोठ्या सिस्टरनी गुडघे टेकले आणि त्या पोराच्या मानेवर बोटं ठेवली, काही लागलं नाही. मग धाकटीचा हात उचलला. हाडं कातडीतून बाहेर आली होती. त्यांनी तिला आत घेतलं, त्याच खोलीत, त्याच टेबलावर, लॅपटॉप बाजूला सारून. त्याच गुंडाळीतला कापूस काढला आणि हात बांधला. धाकटी त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

कुणी मोठ्या सिस्टरना बोल लावला नाही. कापसाची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. ऐकू तरी कसं येणार, असंच जो तो म्हणाला, आणि पोलिसांनी विचारलं तेव्हा खाटेवर पडल्या पडल्या धाकटीनेही तेच सांगितलं. डिग्रीचा कागद छापून घरपोच पाठवायची वेगळी फी निघाली, तीही भरली. वर्ष संपायच्या आत इन्चार्जची पाटी लागली, कॅज्युअल्टीच्या दारासमोर काचेची केबिन मिळाली. नवऱ्याने पेढे वाटायची गोष्ट काढली, तर त्या त्याच्यावर अशा खेकसल्या की तो बिचारा चार दिवस पायपंपाशीच बोलत होता.

धाकटीच्या हातावर तीन ऑपरेशनं झाली. तरी मधली दोन बोटं वाकेनात आणि अंगठा कशालाच पोचेना. अशा हाताला शीर सापडत नाही. पाचव्या महिन्यात ती केबिनमध्ये आली, एक कागद टेबलावर ठेवला आणि उभी राहिली. तिची बदली कपड्यांच्या स्टोअरमध्ये झाली होती. इन्चार्जची सही हवी होती.

मोठ्या सिस्टरनी कागद वाचला, पेन उघडलं, पुन्हा बंद केलं. पाच महिने न बोललेलं वाक्य एकदाचं बाहेर आलं.

"मला ऐकू आलं होतं."

अधू हात धाकटीने दुसऱ्या हातात धरून ठेवला होता, सवय झाल्यासारखा.

"बोळे मीच वळले होते," ती म्हणाली. "किती ऐकू येतं ते मला माहीत आहे."

"मग पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला एकदा खाली बस म्हणाला होतात." तिने कागद पुढे सरकवला. "आता फिटलं. सही करा."

मोठ्या सिस्टरनी सही केली. अक्षर वाकडं आलं. त्या अजून पेन टेबलावर ठेवतच होत्या, तेवढ्यात बाहेर पावलं वाजली, पळत येणारी, जड, माणसाला उचलून आणणाऱ्यांची. दोघींच्या माना एकाच वेळी दाराकडे वळल्या. दोघी एकदमच केबिनबाहेर पडल्या, आणि भिंतीवरच्या खोक्याशी पोचल्यावर धाकटीचा तोच अधू उजवा हात हातमोज्यांकडे गेला. तो तिथेच, खोक्याच्या अलीकडे, थोडा वेळ राहिला. मग तिने तो मागे घेतला आणि बदलीचा कागद घडी करून खिशात घातला.

मोठ्या सिस्टरनी खोक्यातून एकच जोड काढला.