थोरलीचा पहिला घास

गोठ्यात पहिला घास थोरलीचा, हा सासऱ्यांनी आयुष्यभर पाळलेला नेम होता. थोरलीने तोंड घातल्यावाचून दावणीच्या इतर गाई गव्हाणीकडे पाहतही नसत. आज त्याच नेमाने घात केला. सुनेने गोठ्यामागच्या टाकीत सूक्ष्म शेवाळ वाढवले होते. ते गाळून, सावलीत वाळवून, त्याची हिरवी भुकटी तिने पेंडीत कालवली. थोरलीने हुंगले, नाक मुरडले, मान फिरवली. त्यासरशी सारी दावण उपाशी उभी राहिली.

सासरे उंबऱ्यावर बसले. त्यांच्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते. "मासळीबाजाराचा वास येतो गं."

"येऊ दे, मामंजी. अंगी लागतं ना. या पहिलारूकडे बघा, पहिल्याच वासराला पाजून नुसता सांगाडा उरलाय. तिच्यासाठीच केलं सगळं."

"आणि नाहीच खाल्लं तर?"

"टाकी रिकामी करते संध्याकाळी. तुमचे चिरंजीव म्हणतातच, पाणी नासवलंस म्हणून."

तिच्या स्वरात रागसुद्धा उरला नव्हता. पहिलारूच्या बरगड्या सासऱ्यांनी पुन्हा एकवार पाहिल्या. मग भिंतीचा आधार घेत ते उठले आणि त्यांनी थोरलीचे दावे सोडले. वडीलधाऱ्या माणसाला भरल्या ताटावरून उठवावे, तसा संकोच त्यांना झाला.

"चल बाई. रागावू नकोस," असे पुटपुटत त्यांनी तिला बाहेरच्या खुंटाला बांधले.

पहिलारूने थोरलीच्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ पाहिले. अखेर भूक भिडेहून मोठी ठरली. तिने तोंड घातले, एकदा फुरफुरली आणि खाऊ लागली. तिचे पाहून शेजारची, मग तिच्या पलीकडची.

बाहेर थोरलीने हंबरून रान उठवले.

"आता का गं? मघाशी तर नाक वर होतं," सून म्हणाली.

सासऱ्यांनी खुंटाचे दावे सोडताच थोरली त्यांना ओढतच आत आली आणि तिने डोळ्यांपर्यंत तोंड गव्हाणीत खुपसले.

"टाकी राहू दे," सासरे धापा टाकत म्हणाले. "त्याला मी सांगतो."

"मग उद्यापासून पहिलं पहिलारूला घालू?"

"घाल. पण थोरलीला बाहेर न्यायला मला हाक मार. दुसऱ्या कोणी उठवलेलं तिला सोसायचं नाही."

एवढे बोलून ते पुन्हा उंबऱ्यावर बसले. धारा काढायच्या अजून राहिल्याच होत्या.