तेच सर, तोच विषय, पुन्हा पहिल्यापासून

मी बोलतेय. विद्यापीठाच्या वाहनतळावर पार टोकाला, कचरापेटीशेजारी उभी आहे ना, एक दरवाजा हिरवा आणि बाकी अंग पांढरं, ती पिकअप गाडी मीच. मागे उघडा हौदा, पुढे दोन माणसांपुरती जागा. माझ्या वयाच्या गाडीनं गप्प उभं राहावं, अशी लोकांची अपेक्षा असते. राहिलेही असते. पण माझ्या इदालिनाच्या बाबतीत या शिकल्यासवरल्या लोकांनी जे केलं त्यानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

नाव माझं जपानी, पण जन्म इथलाच, कॅलिफोर्नियातला. कारखान्यातून निघाले तेव्हा दोन्ही दरवाजे एकाच रंगाचे होते. मला घेतलं सेराफिम बोर्बा यांनी. ते तरुणपणी पोर्तुगालच्या अझोरेस बेटांवरून इथल्या खोऱ्यात आले आणि जन्मभर दुसऱ्यांच्या गोठ्यांत गायींच्या धारा काढत राहिले. नवीकोरी म्हणून त्यांनी घेतलेली एकच वस्तू, ती मी. सुरुवातीला मला रोज पुसायचे. मग एक दिवस माझ्या हौद्यात आजारी वासरू घातलं, आणि तिथून पुढे माझं कौतुक संपलं.

त्याचं मला वाईट वाटलं नाही. मी चारा वाहिला, दुधाच्या भुकटीची पोती वाहिली, पवित्र आत्म्याच्या जत्रेला अख्ख्या गावाच्या पावाच्या टोपल्या वाहिल्या. कामाची गाडी कामातच शोभते.

सेराफिम घरात मोजकंच बोलायचे. पण माझं स्टिअरिंग हातात आलं की त्यांना कंठ फुटायचा. कुठल्या मालकाला ‘सेराफिम’ म्हणता येईना म्हणून तो त्यांना ‘सॅम’ म्हणायचा, कुठल्या गायीनं लाथ मारून बरगडी मोडली, कुठल्या गोठ्यात माणसांची झोपायची खोली वासरांच्या खोलीपेक्षा लहान होती, सगळं सांगायचे. शेजारी बसलेली छोटी इदालिना पाय हलवत ऐकायची.

पुढे त्यांची नजर अधू झाली, लायसन्स गेलं आणि मला अक्रोडाच्या झाडाखाली लावून ठेवलं. चाकं बसली. एक कोंबडी माझ्या सीटवर अंडी घालू लागली. माणसांपेक्षा तिला माझी किंमत जास्त होती, हे मी आजही म्हणेन.

मला तिथून बाहेर काढलं इदालिनानं. आई गेलेली, वडील म्हातारे, ती स्वतः चीजच्या कारखान्यात पॅकिंगला. पस्तिशीला आली तेव्हा तिनं कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. आमच्याकडे अशी रीत आहे की ज्यांना थेट विद्यापीठात जाणं झेपत नाही त्यांनी पहिली दोन वर्षं गावच्या या कॉलेजात शिकावं आणि उरलेली दोन विद्यापीठात जाऊन पुरी करावी. दोन आणि दोन चार. ऐकायला किती सरळ वाटतं, नाही?

कॉलेजात तिला तोरोसियन सर भेटले. हे अर्मेनियन गृहस्थ मौखिक इतिहास शिकवतात, म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलतं करून त्यांच्या तोंडून इतिहास कसा मिळवायचा ते. त्यांनी वर्गाला काम दिलं की घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला त्याच्या कामाविषयी विचारा. इदालिनानं सेराफिमना स्वयंपाकघरात बसवून विचारलं. ते “काय सांगायचं त्यात?” म्हणून गप्प. मग ती हुशार पोरगी त्यांना माझ्यात बसवून एकेका जुन्या गोठ्यावर घेऊन गेली. नदी वाहावी तसे बोलले हो ते!

तिचं लिखाण वाचून सर कॉलेजच्या वाहनतळावर माझ्या हौद्याला टेकून उभे राहिले.

“इदालिना, या खोऱ्याच्या इतिहासात गायींच्या जाती सापडतात, मालकांची नावं सापडतात. धारा काढणारी माणसं सापडत नाहीत. तू विद्यापीठात जा. इतिहासच घे.”

“सर, माझ्या वयाला?”

“इतिहासाला वयाचं वावडं कधीपासून?”

प्रवेश मिळाला त्या दिवशी माझ्या हौद्याच्या फळीवर लिंग्विसा, म्हणजे पोर्तुगीज सॉसेज, आणि पाव मांडून बापलेकीनं जेवण केलं.

“इतिहास शिकून काय करणार तू?” सेराफिम म्हणाले. “जुन्या गोष्टी तर मी तुला फुकटात सांगतो.”

“म्हणूनच पापा. कुणीतरी नीट लिहायला नको का?”

“लिही. पण सॅम नको लिहूस. सेराफिम लिही.”

हसत होते, पण त्याच जेवणात त्यांनी तिला दोनदा विचारलं की तुझी आई कुठे राहिली. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. विसर वाढत जाणार, बरे दिवस कमी होत जाणार. नंतर फळी आवरताना इदालिना एकटीच माझ्याशी बोलल्यासारखी पुटपुटली, “दोनच वर्षं. पदवी घेताना ते मला ओळखतील. तेवढे टिकतील.” तिला सगळ्या शिक्षणातून एवढं एकच पाहिजे होतं, की नाव पुकारलं जाईल तेव्हा वडिलांना कळावं ही आपली पोर आहे.

आणि मग तो फोन आला. गाडी चालवत होती म्हणून स्पीकरवर घेतला, त्यामुळे शब्दन् शब्द मी ऐकला. विद्यापीठातल्या सल्लागार बाई होत्या. आवाज अगदी गोड.

“इदालिना, तुझा मौखिक इतिहासाचा विषय आम्ही धरलाय, पण अवांतर म्हणून. इतिहासाच्या पदवीत तो मोजता येणार नाही.”

“पण मी तो शिकलेय. उत्तम श्रेणीत पास झालेय.”

“हो, पण तो दोन वर्षांच्या कॉलेजातला. आमच्याकडे वरच्या पातळीचा असतो. तुला इथे पुन्हा करावा लागेल. तो झाल्याशिवाय शेवटचा प्रबंध घेता येत नाही.”

“मग या सत्रात घालते नाव.”

“वर्ग भरला गं. बाहेरून बदलून आलेल्यांची नोंदणी सगळ्यांत शेवटी असते ना. आता पुढच्या शरदाच्या सत्रात. प्रबंधही शरदातच असतो, म्हणजे तो त्याच्या पुढच्या. फक्त एका वर्षाचा तर प्रश्न आहे!”

इदालिनानं मला रस्त्याच्या कडेला घेतलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. माझा हॉर्न वाजत राहिला. मुद्दाम नाही वाजवला मी, पण थांबवावासाही वाटला नाही.

खरी गंमत पुढेच आहे. विद्यापीठाच्या पहिल्या आठवड्यात, याच वाहनतळावर, शेजारच्या गाडीतून पुस्तकांचं खोकं काढताना कोण दिसावं? तोरोसियन सर! तेच खोकं, तेच कोपर फाटलेलं जाकीट.

“सर, तुम्ही इथे?”

“मंगळवार-गुरुवार इथे. सोमवार-बुधवार तुमच्या कॉलेजात. शुक्रवारी आणखी एका गावात. कायमची नोकरी कोण देतं आम्हाला? माझं ऑफिस म्हणजे ही डिकी.”

“इथे काय शिकवता?”

सरांनी खोकं माझ्या हौद्यावर ठेवलं. “मौखिक इतिहास.”

“तोच?”

“तोच. तीच पुस्तकं, तेच विनोद. त्यावर हसतातही तितकेच कमी.”

इदालिनानं सगळं सांगितलं तेव्हा सरांनी कपाळावर हात मारला. “म्हणजे माझ्याकडे शिकलेली तू, माझ्याकडेच शिकायला वर्षभर थांबणार? थांब, तो विषय मोजून घ्यायचा अर्ज असतो, त्यावर मी आत्ता जाऊन सही करतो.”

गेले ताडताड. परत आले ते खांदे पाडून. विभागप्रमुखांनी त्यांना खुर्ची दिली, कॉफी दिली आणि सांगितलं, की अशा अर्जावर कायमस्वरूपी प्राध्यापकाचीच सही चालते.

“माझं शिकवणं चालतं त्यांना,” सर म्हणाले, “सही नाही चालत.”

आता तुम्हीच सांगा! मी यंत्र आहे. माझं इंजिन गावात जेवढी ताकद लावतं तेवढीच विद्यापीठाच्या फाटकातही लावतं. फाटक ओलांडलं म्हणून पेट्रोलची पातळी वर जात नाही. मग त्याच माणसाच्या तोंडचे तेच शब्द गावात खालच्या पातळीचे आणि इथे वरच्या पातळीचे कसे होतात? नाकानं कांदे सोलायचे तर निदान कांदे तरी वेगळे असावेत.

पुढच्या शरदात ती त्या वर्गात बसली. सरांचे विनोद आधीच पाठ असूनही हसायची, बिचाऱ्यांना बरं वाटावं म्हणून. आणि तिथेही एक नवं लचांड निघालं. काम तेच होतं, वडीलधाऱ्याची मुलाखत. पण आधीचं लिखाण पुन्हा दिलेलं चालणार नव्हतं, विद्यापीठ त्याला स्वतःचीच चोरी म्हणतं. विषय मोजायचा नाही म्हणून पुन्हा करायला लावायचा, आणि लिखाण मात्र मोजलं गेलंय म्हणून पुन्हा द्यायचं नाही! तिनं सेराफिमना पुन्हा माझ्यात बसवलं. गोठ्यामागून गोठे गेले. ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि म्हणाले, “इथे कुणीतरी गायी पाळत असावं.” बस्स. शेवटी तिनं माझ्या मेकॅनिकची मुलाखत लिहून दिली.

त्यानंतरच्या शरदात तिनं प्रबंध लिहिला, धारा काढणाऱ्या माणसांवर. सगळीकडे सेराफिम लिहिलं, एकदाही सॅम नाही. पहिली आली. आणि ज्या वसंतात तिला पदवी मिळायला हवी होती, तो जाऊन दुसरा वसंत उजाडला.

तो दिवस आजचाच. गोंगाट सेराफिमना सोसत नाही, म्हणून जत्रेचा काळा सूट घालून त्यांना माझ्यातच बसवलं. सोबतीला तोरोसियन सर. मंचावर खुर्च्या कायमच्या प्राध्यापकांना होत्या. मैदानावरून भोंग्यातून नावं ऐकू येत होती. “इदालिना बोर्बा” झालं तेव्हा सरांनी त्यांचा हात दाबला. त्यांनी सौजन्यानं मान हलवली.

थोड्या वेळानं ती पळत आली. काळा झगा, टोपी वाकडी झालेली, गळ्यात फुलांची माळ. खिडकीतून वाकून म्हणाली, “पापा! झालं!”

सेराफिमनी डोक्यावरची हॅट काढली, परक्या बाईसमोर काढतात तशी.

“अभिनंदन, बाई. घरचे कुठे दिसत नाहीत तुमचे?”

सर बाहेर उतरून पाठ फिरवून उभे राहिले.

“इथेच आहेत,” ती म्हणाली.

“माझीही पोरगी आहे इथे. इतिहास शिकते. फार हुशार. तुम्ही ओळखत असाल तिला.”

“ओळखते.” तिनं डोळे पुसले आणि माझा दरवाजा उघडला. “चला, मी सोडते तुम्हाला घरी.”

“नको नको.” त्यांनी तिच्या हातावर थोपटलं. “ती येईल आणि मी नसेन, तर पोर हिरमुसेल. तुम्ही जा. मी थांबतो.”

तेव्हापासून आम्ही थांबलो आहोत. बाकीच्या गाड्या गेल्या. इदालिना झगा अंगावर तसाच ठेवून माझ्या हौद्यात बसली आहे, सर तिच्या शेजारी. पुढे सेराफिम हॅट मांडीवर घेऊन फाटकाकडे नजर लावून बसले आहेत. दर थोड्या वेळानं केसांवरून हात फिरवतात.

वर त्या इमारतीत अजून दिवे आहेत. ‘फक्त एका वर्षाचा प्रश्न’ म्हणणारे तिथेच असतील. त्यांना माझी एकच विनंती आहे. जरा खाली या. माझ्या खिडकीशी वाका, आणि या म्हाताऱ्याला तुम्हीच सांगा की ती आली आहे.