सहावा रिसीव्हर

शुक्रवारी आमच्या बारमध्ये मासे तळले जातात आणि टीम निवडली जाते. मासे मी तळते. टीम निवडायला गावातले झाडून सगळे पुरुष हजर असतात. कोणाची गाय आटली, कोणाच्या बायकोचं ऑपरेशन झालं, हे बिअरच्या पहिल्या ग्लासातच उरकतं, आणि मग ज्याच्यासाठी घरून अंघोळ करून आलेले असतात तो विषय निघतो. त्यांच्यातल्या एकानेही शाळा सुटल्यापासून अमेरिकन फुटबॉलला हात लावलेला नाही. पण उंटावरून शेळ्या हाकायला कुठे परीक्षा द्यावी लागते?

या उन्हाळ्यात वाद एकच होता. ऑगस्टच्या शेवटी आमच्या राज्याची व्यावसायिक टीम त्रेपन्न खेळाडू ठेवते आणि बाकीच्यांना घरी पाठवते. त्यात रिसीव्हर किती ठेवायचे, पाच की सहा? सहावा ठेवला तर चौथ्या टाइट एंडला जागा उरत नाही. रिसीव्हर म्हणजे लांब कडेला उभे राहणारे, सुसाट पळून चेंडू झेलणारे. शाळेतली पोरं त्यांच्याच नावाचे शर्ट घालतात. टाइट एंड ओळीला चिकटून उभा राहतो, आपल्यापेक्षा दांडग्या माणसांना छातीवर घेऊन अडवतो, आणि सगळं अडवून झाल्यावर कोणाला आठवण झालीच तर एखादा चेंडू त्याच्याकडेही येतो. घरातल्या थोरल्या लेकीचं काम. मी थोरली आहे, मला ठाऊक आहे.

आणि यंदाचा चौथा टाइट एंड म्हणजे माझा मुलगा, ग्रेडी.

छोट्या कॉलेजात खेळलेला, कोणत्याही टीमने न निवडलेला. मे महिन्यात आपल्याच टीमने कॅम्पला बोलावलं. ज्या टीमसाठी आमच्याकडे लग्नाच्या तारखा बदलतात, त्या टीमने. मी स्वयंपाकघरात पीठ लागलेल्या हातांनी रडले. मला आयुष्यात दुसरं काही नको होतं. पोरानं त्या त्रेपन्नात बसावं, एवढंच.

बारमधल्या लोकांना मात्र माझ्या असण्याची अडचण नव्हती. मी ताटं ठेवत असायचे आणि ते माझ्या कोपराखालून बोलत असायचे.

"चार चार टाइट एंड कशाला हवेत?" म्हातारा नॉर्बर्ट म्हणायचा. चीज फॅक्टरीतून निवृत्त झाल्यापासून तो टीमचा सल्लागार झाला आहे, टीमला न कळवता. "धड पळत नाहीत, धड झेलत नाहीत. एक ना धड भाराभर चिंध्या."

"अरे पण चेंडू काखेत धरून पळायचं तर पुढची वाट कोण मोकळी करणार? तुझा तो टेक्ससचा काटकुळा सहावा रिसीव्हर?" हा ड्वेन, पशुखाद्याचा ट्रक चालवतो.

"काटकुळा असू दे. मागच्या वर्षी दोन रिसीव्हर जायबंदी झाले तेव्हा काय झालं आठवतंय ना? मागे माणूसच नव्हता. आपला कोच टाइट एंडकडे चेंडू फेकतो तरी का? नाही ना? मग सहावा रिसीव्हर ठेवा." मग माझ्याकडे बघून, "जोलीन, यात तुझ्या पोराबद्दल काही नाही हं. लिंबू आहे का अजून?"

लिंबू होतं. दिलं.

या सगळ्यात माझा नवरा वर्लिन काय म्हणतो, याला फार मोल. दर सोमवारी दुपारी शहरातल्या रेडिओवर लोक फोन करून टीमबद्दल बोलतात, त्यात वर्लिनचा फोन ठरलेला. कार्यक्रम चालवणारा रस्टी म्हणतो, "वर्लिन आला, आता थापा बंद." आवडता खेळाडू म्हणून कोणाला सोडायचं नाही, नावडता म्हणून कोणाला झोडायचं नाही, यावर त्याचं सगळं नाव उभं आहे. पार पलीकडच्या तालुक्यातले लोक पेट्रोल भरताना त्याचा आवाज ओळखतात.

जगात आपला तो बाळ्या असतो आणि दुसऱ्याचं ते कार्टं. आमच्या गावात उलटं आहे. आपल्या पोराचं कौतुक आपण करणं याच्याइतकी लाज दुसऱ्या कशाची नाही. चोरी एक वेळ खपते. ग्रेडी शाळेत असताना वर्लिन तिथल्या टीमला शिकवायचा, आणि पोरगा सगळ्यांत चांगला खेळतो हे दिसत असूनही त्याने त्याला अर्धा मोसम बाकावर बसवला. का, तर कोणी वशिला म्हणू नये. लोक चर्चबाहेर येऊन वर्लिनचा हात हातात घ्यायचे. "असा असावा माणूस." ग्रेडी पाण्याच्या बाटल्या भरायचा आणि काही बोलायचा नाही. बोलण्याच्या बाबतीत तो बापावर गेला आहे. रेडिओ नसेल तर वर्लिनही बोलत नाही.

कॅम्पचा लोकांना बघता येईल असा शेवटचा सराव होता, त्याला आम्ही दोघं गेलो. कुंपणाला नाक लावून उभे राहिलो. ग्रेडीसमोर असा एक गडी होता की त्याच्या एका बुटात माझे दोन्ही पाय मावले असते. शिट्टी झाली आणि माझ्या पोराने त्याला मागे रेटलं. पुन्हा शिट्टी, पुन्हा रेटलं. तिसऱ्यांदा तो गडी मातीवर बसला आणि कोचने ग्रेडीच्या हेल्मेटवर थाप मारली.

परतताना वर्लिन ट्रक चालवत होता. हमरस्ता संपला. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "त्या चौघांत अडवायला आपल्या पोराएवढा कोणी नाही. पाय बघितलेस त्याचे? समोरचा हलायच्या आत हा वाकून त्याला भिडलेला असतो. आणि हात मऊ आहेत. फेकलं तर झेलेल तो. याला सोडलं तर ती माणसं मूर्ख आहेत."

इतक्या वर्षांच्या संसारात पोराबद्दल असं वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मला त्याचा हात धरावासा वाटला.

"मग त्याला सांग ना," मी म्हणाले.

"त्याला माहीत असतं."

"कुणी सांगितल्याशिवाय कसं माहीत असेल, वर्लिन?"

"कोच सांगेल की. कोचचं काम आहे ते."

रविवारी आमच्या चर्चची पिकनिक होती. पहाटेपासून पुरुष मोठमोठ्या हंड्यांत बूया नावाचा घट्ट रस्सा शिजवत बसले होते; कोंबडी, बैलाचं मांस, कोबी, गाजर, सगळं वल्ह्याएवढ्या पळीने ढवळत राहायचं, तळाला लागू द्यायचं नाही. दरवर्षी रेडिओवाले तिथेच टेबल मांडून कार्यक्रम करतात. ग्रेडीला सुट्टी होती. सकाळी त्याचा फोन आला होता, "मॉम, दुपारी येतो. माझ्यासाठी तळाचं ठेव, घट्ट." मंगळवारी यादी जाहीर होणार होती आणि त्याला घरचं जेवायचं होतं.

रस्टीने वर्लिनला टेबलाशी बोलावलं. भोवती गर्दी झाली, भांडी घासणाऱ्या बायकासुद्धा आल्या. ढवळणारे पुरुष पळी माझ्या हातात देऊन पुढे गेले.

"वर्लिन, सगळ्या राज्याला पडलेला प्रश्न तुला विचारतो," रस्टी म्हणाला. "सहा रिसीव्हर की चार टाइट एंड? आणि लोकहो, लक्षात घ्या, चौथा टाइट एंड याचा मुलगा आहे."

वर्लिन म्हणू शकला असता, मी बाप आहे, मला विचारू नका. लोक हसले असते आणि विषय संपला असता. माझ्या हातातली पळी थांबली होती. रस्सा तळाला लागायला लागला तरी मला कळलं नाही.

त्याने घसा साफ केला. "सहा रिसीव्हर," तो म्हणाला. "मागची फळी भक्कम पाहिजे. चौथा टाइट एंड म्हणजे चैन आहे. आपला कोच त्यांच्याकडे चेंडू फेकत नाही. आणि हा जो चौथा आहे, तो उठायला जड आहे. मी कोच असतो तर ठेवला नसता."

हा जो चौथा आहे. नावसुद्धा नाही.

मग टाळ्या पडल्या. नॉर्बर्टने डोक्यावरची टोपी काढली. "लोकहो, हा बाप बोलतोय," रस्टी माइकमध्ये म्हणाला, "याला म्हणतात सचोटी." वर्लिनचे कान लाल झाले होते. मी त्याला ओळखते. ते शरमेने लाल झाले नव्हते.

ग्रेडी थोड्या वेळाने आला. लोकांनी त्याच्या खांद्यावर थापा मारल्या, मंगळवारसाठी शुभेच्छा दिल्या, तेच लोक. त्याने उभ्या उभ्या बूया खाल्लं.

"पाठ कशी आहे?" वर्लिनने विचारलं.

"बरी आहे, डॅड."

मी त्याला गाडीपर्यंत सोडायला गेले. इंजिन सुरू केलं तसा आतून रस्टीचा आवाज आला, तेच स्टेशन. ग्रेडीने हात पुढे करून तो बंद केला. "रस्सा छान झालाय, मॉम," तो म्हणाला. छान नव्हता झाला. करपला होता.

मंगळवारी त्याला काढलं. सहा रिसीव्हर ठेवले, तीन टाइट एंड. बापाच्या बोलण्यामुळे काढलं असं मी म्हणणार नाही. कोच लोक चर्चच्या पिकनिकला विचारून टीम करत नाहीत. बुधवारी वर्लिन मासे आणायला गेला असताना ग्रेडी बॅग भरायला घरी आला. दक्षिणेकडच्या एका टीमने त्याला सरावाच्या फळीत घेतलं होतं. आठवडाभर सराव करायचा, सामन्याला बाहेर बसायचं, कोणी जायबंदी झालं तर आत जायचं. निघताना त्याने मला जे सांगितलं ते मी दोन दिवस पोटात ठेवलं.

शुक्रवारी बार भरला होता. वर्लिनला ग्लास संपवायला उसंत मिळत नव्हती, एवढ्या जणांनी त्याच्यासाठी बिअर मागवली होती.

"जसंच्या तसं सांगितलं होतंस, लेका," ड्वेन म्हणाला. "कोचने तुझं ऐकूनच यादी केली."

"मला वाईट वाटतं ते एकाच गोष्टीचं," नॉर्बर्ट म्हणाला. "काढलेल्यातल्या दहाबाराजणांना ते सरावासाठी ठेवून घेतात. आपल्या पोराला तेवढंही विचारलं नाही. म्हणजे वर्लिनचं खरंच होतं म्हणायचं. हा माणूस खोटं बोलत नाही, पोटच्या पोराबद्दलसुद्धा नाही."

माझ्या हातात माशांची दोन ताटं होती. ती मी त्याच्यापुढे ठेवली.

"खोटं बोलला," मी म्हणाले.

"काय?"

"सराव बघून येताना ट्रकमध्ये मला म्हणाला, चौघांत आपल्या पोराएवढा कोणी नाही. सोडलं तर ती माणसं मूर्ख आहेत म्हणाला. विचार त्याला."

सगळे वर्लिनकडे बघायला लागले. त्याने ग्लास खाली ठेवला. "मग काय रेडिओवर सांगायचं होतं का?" तो म्हणाला. "स्वतःच्या पोराबद्दल? लोक काय म्हणाले असते?"

आणि नॉर्बर्टने मान हलवली. ड्वेननेही हलवली. "तेही बरोबर आहे," नॉर्बर्ट म्हणाला. "आपल्या तोंडाने आपल्या पोराचं कसं सांगणार, जोलीन? मीही नसतं सांगितलं."

माझा राग तोवर आवरलेला होता. ती हललेली मान बघितली आणि मग नाही आवरला.

"त्यांनी विचारलं होतं," मी म्हणाले. "आपल्या टीमने. सरावाच्या फळीत राहा म्हणाले, घरी राहून जा-ये कर म्हणाले. ग्रेडीने नको म्हटलं."

"आपल्या टीमला नको म्हटलं?" ड्वेनला ते ऐकूच आलं नसावं असा त्याचा चेहरा झाला.

वर्लिन हळू आवाजात म्हणाला, "का पण?"

"सांगू? तो म्हणाला, मॉम, कोचने मला एकदाच काढलं, त्याचं काही नाही. इथे राहिलो तर दर शुक्रवारी माशांच्या ताटासोबत मला काढतील, आणि सगळ्यांत आधी हात डॅडचा वर होईल."

बारमध्ये फक्त आत तेल उकळल्याचा आवाज येत होता. वर्लिनने दोन्ही हात काउंटरवर पालथे ठेवले होते आणि तो त्यांच्याकडे बघत होता. मी थांबले. आता तरी काही म्हणेल, फोन लाव म्हणेल, नंबर तर त्याच्याही फोनमध्ये आहे. माझं सगळं बोलून झालं होतं, आता एवढंच बाकी होतं.

नॉर्बर्टने माशावर लिंबू पिळलं. मग ड्वेनने, त्या शांततेत बसवेना म्हणून असेल, विचारलं, "तो टेक्ससचा सहावा, त्याला समोरच्यांनी किक मारलेला चेंडू झेलून परत आणता येतो का रे?"

"आणतो, पण हातातून सुटतो त्याच्या," पलीकडून एकजण म्हणाला.

"सुटत नाही, तो झेलायच्या आधीच पुढे बघतो," दुसरा म्हणाला, आणि सगळ्यांच्या खुर्च्या तिकडे वळल्या. त्यांना किती हायसं वाटलं ते मला स्वयंपाकघराच्या दारातून दिसत होतं. थोड्या वेळाने वर्लिनही बोलायला लागला.