फाडायचा राहिलेला कागद

मधु जगदाळेला भांडणं मिटवायची खोड होती. खोडच म्हणायची, कारण कुणी बोलावलं नाही तरी हा जायचा. साताऱ्याकडच्या आपल्या गावात तो तंटामुक्त समितीचा सचिव होता. बांधाची, पाण्याची, सासू-सुनांची मिळून साठ-सत्तर भांडणं त्याने नुसत्या चहावर मिटवली होती. रीत ठरलेली. दोघांना समोरासमोर बसवायचं, ज्याने त्याने आपल्या चुकीचा वाटा आधी कबूल करायचा, तो कागदावर लिहून खाली सही करायची, आणि मग चारचौघांदेखत तो कागद टराटरा फाडायचा. कागद फाटला की भांडण संपलं. पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही.

पोटापाण्यासाठी तो कतारला, दोह्याला आला, त्याला बारा वर्षं झाली. मोठमोठ्या इमारतींची एसीची आणि नळांची कामं घेणाऱ्या एका कंपनीत तो वेल्फेअर ऑफिसर होता. इंडस्ट्रियल एरियातल्या कंपनीच्या बिल्डिंगमध्ये चारशे कामगार राहायचे. नेपाळी, बंगाली, मल्याळी, पाकिस्तानी आणि आपले. एका मजल्याला एक किचन, आणि एका किचनमध्ये पाच देशांची फोडणी. तिथं भांडणं होणार नाहीत तर काय भजनं होणार? मागच्या वर्षी कंपनीच्या बड्या क्लायंटने फर्मान काढलं की कामगारांना सलोख्याने राहायचं शिकवा. एचआरच्या आसावरी मॅडम पुण्याच्या. त्या म्हणाल्या, "मधु सर, तो क्लास तुम्हीच घ्या. तुम्हाला हौस आहे."

हौस होतीच. दर शुक्रवारी सकाळी मेसमध्ये चाळीसेक माणसं जमायची आणि मधु आपल्या सातारी हिंदीत त्यांना शिकवायचा. दुसऱ्याची चूक शेवटी, आपली आधी. पहिले दोन महिने लोक हसले. मग एकदा एका नेपाळ्याने उभं राहून सांगितलं की बंगाल्याची चप्पल मुद्दाम मीच भिजवली होती, आणि बंगाली उठून त्याच्या गळ्यात पडला. त्या दिवशी मधु घरी गेला तो शीळ घालतच. बायकोला, शोभाला म्हणाला, "माणूस कुठलाही असू दे, कबूल करायला एक जागा लागते बघ त्याला." शोभाने मान डोलावली आणि भाजी निवडत राहिली.

आता हाफिज. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावचा, एसी मेकॅनिक, वय अठ्ठेचाळीस. बावीस वर्षं तो इथे होता आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. मधूशी मात्र तो मराठीत तासन्‌तास बोलायचा, कारण बोलायला दुसरं कोण होतं? त्याचा मुलगा उमैर हॉटेलचं शिकला होता आणि त्याला दोह्यातल्याच मुशैरिब भागातल्या एका हॉटेलात नोकरी लागली होती. एकोणीस जानेवारीला तो येणार होता. हाफिजने ही तारीख बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला किमान दोनदा सांगितली होती.

"बावीस वर्सांत मी पोराबरोबर ऱ्हायलो किती, मधुभाव? रजेचे सगले दिवस मिळून अडीच वर्सं होतील. आता दर शुक्रवारी भेटंल. समैस्माला नेन त्येला, दर्या दाखवीन."

"त्याने दर्या पाहिला नाही होय रे? दर्याकाठीच वाढलाय की."

"माज्याबरोबर नाय ना पाह्यलान."

आणि डिसेंबरात तव्याची भानगड झाली. त्याच मजल्यावर नाशिकचा धवल राहायचा, सत्तावीस वर्षांचा, शाकाहारी, डोक्याने जरा गरम. त्याचा तवा खिळ्याला वेगळा टांगलेला असे आणि त्यावर त्याने मार्करने नाव घातलं होतं. हाफिजचा तवा कुणीतरी नेला होता, म्हणून त्याने धवलच्या तव्यावर बांगडे तळले. घासून ठेवू म्हणाला. घासायच्या आधीच धवल आला. मग जे तोंडात येऊ नये ते त्याच्या तोंडात आलं, हाफिजच्या धर्माला धरून आलं. हाफिज तवा धुवायला लागला. धवल तो हिसकायला धावला, खाली सांडलेल्या तेलावरून त्याचा पाय सटकला आणि कपाळ ओट्याच्या कडेवर आपटलं. दोन टाके पडले. हाफिजने त्याला बोटही लावलं नव्हतं.

पण रागाच्या भरात धवलने मोबाइलवर सगळ्या बिल्डिंगला कळवून टाकलं की हाफिजने मला मारलं. संध्याकाळपर्यंत दोन मजल्यांची दोन गावं झाली. कोण कुणाच्या बाजूने हे नावांवरून ठरायला लागलं. मेसमध्ये टेबलं वेगळी झाली. मधूने दोघांना वेगवेगळं गाठलं. धवलने खाली मान घालून सांगितलं, "सर, घसरलो मीच. पण आता सगळ्यांना सांगून बसलोय. आता कुठल्या तोंडाने फिरवू?"

गावाकडे असा पेच मधूने दहा वेळा सोडवला होता. ज्याचं वय मोठं, त्याने थोडं जास्त अंगावर घ्यायचं, म्हणजे धाकट्याला खाली उतरता येतं.

"हाफिज, हात उगारला गेला एवढं लिही. मोठ्याने आधी वाकलं की लहानाला वाकायला लाज वाटत नाही."

"पन मी हातच लावला नाय, भाव."

"मला माहीत आहे. त्यालाही माहीत आहे. पण त्याला उतरायला शिडी नको का? तू शिडी दे. नुसता कागद आहे रे."

हाफिज बराच वेळ पेनचं टोपण उघडबंद करत बसला. मग म्हणाला, "तुमी सांगताव म्हनून लिवतंय." मजकूर मधूनेच इंग्रजीत सांगितला. धवलनेही आपल्या घाणेरड्या शब्दांची कबुली लिहिली. शुक्रवारी सगळ्यांसमोर दोघांनी मिठी मारली, आणि त्याच दुपारी धवलने हाफिजला आपल्या हातची डाळबट्टी खायला घातली. आठवड्यात टेबलं पुन्हा एक झाली. मधूला गगन ठेंगणं झालं.

फक्त एक गोष्ट राहिली. कागद फाडायचा राहिला. तो कंपनीचा फॉर्म होता, त्याला नंबर होता, आणि नंबरचा कागद फाडायचा नसतो हे मधु बारा वर्षांत शिकला होता. पण खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. त्याला तो दाखवायचा होता. गावाला तंटामुक्तीचं बक्षीस मिळालं तेव्हा स्टेजवर बसल्याची मजा तो विसरला नव्हता. जानेवारीत क्लायंटची माणसं तपासणीला आली, तेव्हा क्लासची फाइल त्याने स्वतः नेऊन आसावरी मॅडमच्या टेबलावर ठेवली. हाफिज आणि धवलचा फॉर्म सगळ्यात वर लावला होता. आ बैल मुझे मार, दुसरं काय!

चौदा तारखेला मॅडमनी बोलावलं.

"मधु सर, हा असॉल्ट आहे."

"मिटलं ते, मॅडम. दोघं एका ताटात जेवतात."

"मिटलं असेल हो. पण रिटन आहे, सही आहे. क्लायंटने वाचलंय. मारामारी म्हणजे साइटवरून बाहेर, त्यांचा नियमच आहे. धवलला वॉर्निंग लेटर देते. हाफिजचं सतराचं तिकीट काढलंय. परत घेता येणार नाही त्याला."

मधूने बिल्डिंगवर जाऊन पहिल्यांदा धवलला सांगितलं. धवल पोरगा वाईट नव्हता. तो तसाच धावत ऑफिसात गेला आणि म्हणाला, मला कुणी मारलं नाही, मी घसरलो. मॅडमनी त्याचं ऐकून घेतलं आणि त्याला परत पाठवलं. मार खाल्लेली माणसं दबावाखाली असंच फिरतात, हेही नियमात लिहिलेलं होतं.

त्या संध्याकाळी मधूने घरी सगळं सांगितलं. हाफिजने खोटं लिहिलं, आणि ते मी लिहवून घेतलं, एवढं कागदावर दिलं तर तो वाचेल, पण माझी नोकरी जाईल. शोभा ऐकत होती. आतल्या खोलीत चैत्राली बारावीच्या बोर्डाचा अभ्यास करत होती. नोकरी गेली की सगळ्यांचा व्हिसा जाणार, आणि मुलगी परीक्षेला बसणार कुठून?

"सांगू नका असं मी म्हणत नाही," शोभा म्हणाली. "चार एप्रिलला शेवटचा पेपर आहे. तोवर थांबवता नाही का येणार त्यांना?"

चैत्राली दारात येऊन उभी राहिली. "बाबा, इज समथिंग राँग?"

"नाही गं. तू वाच," मधु म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आसावरी मॅडमनी त्याला समोर बसवून सरळ विचारलं. त्यांचाही चेहरा उतरला होता. "शेवटचं विचारते, सर. तुमच्यासमोर लिहिलंय ना? जे घडलं तेच लिहिलंय ना? तुम्ही नाही म्हणालात तर मी हे वर पाठवते. मग चौकशी तुमची होईल, पण त्याचं थांबेल."

भाड्या, बोल की! साठ-सत्तर भांडणांत माणसांना खरं बोलायला लावलंस, आता तुझी पाळी आली. मधूने टेबलावरच्या फाइलीकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "जे घडलं तेच."

सतराला दुपारी कंपनीची गाडी आली. बावीस वर्षांचा संसार दोन बॅगांत बसला होता. धवल बॅगा उचलून खाली घेऊन आला आणि गाडीत ठेवून बाजूला तोंड करून रडला. हाफिज मधूपाशी आला. मधूला वाटलं, आता हा शिव्या देईल. देऊ दे, बरं वाटेल.

"तोंड कशाला पाडताव, भाव? तुमची पोरगी बारावीला हाय. मना समजतंय," हाफिज म्हणाला. "परवा उमैर येल. त्येला भेटा. नवखा हाय."

म्हणजे याला सगळं कळलं होतं, आणि तरी तो काही बोलला नव्हता. शिव्या परवडल्या असत्या. गाडी गेली तरी मधु तिथेच उभा होता, आणि वॉचमनने सावलीत बसा म्हणून सांगितलं तेव्हा आत गेला.

पुढच्या शुक्रवारी क्लासला चाळीसच्या चाळीस माणसं आली, हजेरी लागते म्हणून. पहिल्या रांगेतल्या तनवीरचा डोळा काळानिळा झाला होता आणि शेजारच्या बंगाल्याच्या ओठाला जखम होती.

"काय झालं?" मधूने विचारलं.

"काही नाही, सर. दरवाजा लागला," तनवीर म्हणाला. बंगाली म्हणाला, त्यालाही दरवाजाच लागला. मधूने सगळ्यांकडे पाहिलं. कुणीही खाली पाहत नव्हतं. सगळे त्याच्या हातातल्या कोऱ्या फॉर्मकडे पाहत होते. या वर्गाने त्याच्याकडून शेवटी जे शिकायचं ते शिकून घेतलं होतं, आणि पक्कं शिकलं होतं.

त्याच दिवशी संध्याकाळी तो उमैरला भेटला. मुशैरिबमध्ये हॉटेलमागच्या बाकावर दोघं करक चहा घेऊन बसले. पोरगा उंच होता, इस्त्रीच्या कपड्यांतला, बापासारखा हळू बोलणारा.

"गावात सगळ्यांना कळलं, काका," उमैर म्हणाला. "मारामारी करून हाकलला, असं बोलतात. मी निघायच्या आदल्या दिवशी अब्बा घरी पोचले, विचारलं तर म्हणतात, हो, उचलला हात, चूक माझी. मी त्यांना कधी हात उचलताना पाहिलं नाही. पण मी अब्बांना पाहिलंय तरी किती? असतीलही तसे." त्याने खिशातला फोन चाचपला. "चार दिवस मी त्यांचा फोन घेत नाहीये."

मधूने चहा बाकावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. तवा, तेल, शिडी, फाइल. काही लपवलं नाही. सांगून झालं तेव्हा उमैरचे डोळे भरले होते, पण चेहरा उजळला होता.

"म्हणजे अब्बांनी मारलं नाही."

"नाही रे. बोटही लावलं नाही."

"मग हे ऑफिसात सांगा ना, काका. उद्याच सांगा. ते परत येतील."

मधूने त्याला चैत्रालीच्या परीक्षेचं सांगितलं. व्हिसाचं सांगितलं. आपलाच आवाज त्याला नकोसा झाला होता.

उमैरने शांतपणे ऐकलं. परीक्षा म्हणजे काय हे त्याला कळत होतं. त्याने खिशातून फोन काढला.

"शेवटचा पेपर किती तारखेला?"

"चार एप्रिल," मधु म्हणाला.

"मग पाच तारखेला सांगाल?"

"सांगतो."

पोराने तारीख फोनमध्ये टाकून ठेवली आणि शुक्रिया म्हणाला. चार एप्रिलनंतर चैत्रालीची कॉलेजची अ‍ॅडमिशन होती. ती झाली की आणखी काही असणार होतं. पाच तारखेला आपण काहीही सांगणार नाही, हे मधूला तिथेच, त्या बाकावरच कळून चुकलं होतं. शेजारी उमैर बापाला फोन लावत होता.